टवके का उडतात?

आपल्या लेडीज होस्टेलच्या रीडिंग रूममध्ये खिडकीपाशी पुस्तकांचं एक नवीन रॅक आहे. (मुलांनी हे वाक्य नुसतं वाचायचं, खात्री करायला यायचं नाही!) हे रॅक आम्ही मुलींनी वर्गणी काढून स्वतः बनवलं. येणारा-जाणारा 'छान झालंय' म्हणतो आणि आम्ही गप्प बसतो. कारण ठरल्यापेक्षा त्याची प्रत्येक फळी एक इंच आखूड आहे. हा एक इंच कुठे गेला, त्याची ही गोष्ट. त्या एका इंचानं मला जेवढं शिकवलं तेवढं फर्स्ट इयरच्या वर्कशॉपच्या अख्ख्या जर्नलनं शिकवलं नव्हतं (जर्नल मी स्वतः लिहिलं होतं, तरीही).

आधीच एक कबुली देते. मी पहिलीपासून कॉन्व्हेंटची. मराठी विभागासाठी लेख लिहिते म्हटल्यावर रूममेट इतकी हसली की चहा सांडला. त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या. लाकडाविषयीचे बरेचसे मराठी शब्दही मी याच वर्षी शिकले, आणि तेही एका सुताराकडून. 'टवका' हा त्यातला पहिला.

तीन हजारांचा काप

झालं असं की, आम्ही टीक प्लायची एक शीट आणली. आठ फूट बाय चार फूट, १९ मिमी जाड, एका बाजूला सागाचा पातळ पापुद्रा आणि दुसऱ्या बाजूला साधा. तीन हजारांच्या आसपास पैसे गेले, म्हणजे जवळजवळ सगळी वर्गणी. बेत सोपा होता. शीट लांबीच्या दिशेनं उभी कापून एक-एक फुटाच्या चार पट्ट्या करायच्या. मग प्रत्येक पट्टी मधोमध आडवी कापायची. झाल्या चार-चार फुटांच्या आठ फळ्या!

मेकॅनिकलच्या वर्गात आम्ही चौघीच मुली, त्यामुळे कापायचं काम आपोआप आमच्याकडे आलं. वर्कशॉपमधून सरांच्या परवानगीनं हातात धरायचं सर्क्युलर सॉ मशीन घेतलं, १८५ मिमी ब्लेडचं. ब्लेडवर '२४ टी' लिहिलं होतं, म्हणजे चोवीस दाते. सर जाता जाता म्हणाले, "चांगली बाजू खाली ठेवा गं." मला वाटलं सर चुकून बोलले. चांगली बाजू खाली ठेवली तर ती घासणार नाही का? मी आपली शहाणी! सागाची बाजू वर ठेवली, त्यावर पेन्सिलनं सुंदर रेघ मारली आणि मशीन सुरू केलं.

पहिले तीन उभे काप अगदी लोण्यासारखे गेले. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग आडवे काप सुरू झाले आणि रेघेच्या दोन्ही बाजूंनी सागाचा पापुद्रा उडायला लागला. कुठे नखाएवढा, कुठे बोटाएवढा. काठ उंदरानं कुरतडल्यासारखा दिसत होता. मला वाटलं हात हलला असेल, म्हणून दुसरी पट्टी जपून कापली. तसंच! तिसरी आणखी हळू कापली. तसंच! चौथ्या पट्टीला मैत्रिणीनं मशीनचा प्लगच काढून टाकला. म्हणाली, "आता बास. वर्गणी माझीपण आहे."

ब्लेड तेच, हात तोच, शीट तीच. मग उभं छान कापलं जातं आणि आडवं का फाटतं?

लाकूड म्हणजे नळ्यांची मोळी

उत्तर आपल्या सगळ्यांना माहीत असतं, फक्त लक्षात येत नाही. कुऱ्हाडीच्या एका घावात सरपण उभं फुटतं, पण तेच लाकूड आडवं तोडायला दहा घाव लागतात. झाड पाणी वर चढवतं ते बारीक बारीक लांब पेशींमधून. लाकूड म्हणजे अशा कोट्यवधी नळ्यांची, तंतूंची घट्ट मोळी. तंतू तोडायला ताकद लागते, पण दोन तंतूंना एकमेकांपासून सोडवणं सोपं असतं.

उभ्या कापात ब्लेड तंतूंच्या दिशेनं जातं. दात तंतूंचे तुकडे खरवडून काढतो आणि कडेचे तंतू आपल्या जागी पडून राहतात. आडव्या कापात मात्र प्रत्येक तंतू तोडावाच लागतो. दातानं तो नीट तोडायच्या आधीच ओढला, तर तंतू शेजाऱ्यापासून सुटतो आणि लांबपर्यंत सोलून निघतो. तोच टवका.

प्लायवूडमध्ये हे जास्त जाणवतं. प्लाय म्हणजे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवलेले, एकाचे तंतू उभे, पुढच्याचे आडवे. त्यामुळे प्लाय कुठूनही कापा, काही थर आडवे कापले जाणारच. वरचा सागाचा पापुद्रा तर एक मिलीमीटरपेक्षाही पातळ. त्याला वरून धरून ठेवणारं काहीच नसतं.

मामांचं दुकान आणि आजोळची कडबाकुट्टी

दुसऱ्या दिवशी त्या सहा कुरतडलेल्या फळ्या आणि एक धड पट्टी ऑटोत घालून आम्ही जिंतूर रोडला एका सुतारमामांच्या शेडवर गेलो. मामांचे वडील बाभळीच्या बैलगाड्या करायचे. वाकस, पटाशी, रंधा, गिरमिट अशी त्यांची हत्यारं अजून भिंतीवर टांगलेली आहेत. मामा आता कपाटं आणि किचन ट्रॉल्या करतात.

मामांनी फळी हातात घेतली, काठावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ताई, चांगली बाजू वर ठिवून कापलात ना?"

मी म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"टवके वर हायत. खालचा काठ बघा की, साफ हाय."

खरंच! साध्या बाजूचा काठ बऱ्यापैकी स्वच्छ होता. आम्ही फळी उलटून बघितलीच नव्हती.

इथे थोडं डोळे मिटून चित्र उभं करा. हातातल्या मशीनमध्ये मोटर फळीच्या वर असते आणि ब्लेड वरून खाली घुसलेलं असतं. पण ते अशा दिशेनं फिरतं की पुढच्या बाजूचे दाते फळीत खालून घुसतात आणि वरून बाहेर पडतात. दात घुसताना तंतूंना आत ढकलतो. त्यांच्यामागे अख्खी फळी उभी असते, त्यामुळे ते हलत नाहीत आणि तुटतात. दात बाहेर पडताना मात्र शेवटच्या तंतूंच्या मागे फक्त हवा असते. ते तुटण्याऐवजी वर उचलले जातात आणि सोलले जातात.

टेबल सॉमध्ये सगळं उलटं. तिथे ब्लेड टेबलाखालून वर आलेलं असतं आणि आपल्याकडच्या बाजूचे दाते वरून खाली जातात, त्यामुळे टवके खाली उडतात. म्हणून नियम असा: हातातलं मशीन असेल तर चांगली बाजू खाली, टेबल असेल तर चांगली बाजू वर. सर बरोबर होते. (सर, हा लेख वाचत असाल तर सॉरी!)

मला एकदम आजोळची कडबाकुट्टी आठवली. जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावात लहानपणी मी तासन्‌तास ती बघत बसायचे. चाकाला पातं असतं आणि तोंडापाशी एक लोखंडी पट्टी. ज्वारीचं धाट त्या पट्टीवर टेकलेलं असतं आणि पातं पट्टीला जवळजवळ घासून जातं, तेव्हा कचकच तुकडे पडतात. पातं बोथट झालं किंवा पातं आणि पट्टीतली फट वाढली, की धाट त्या फटीत वाकतं. मग ते कापलं जात नाही, चघळलं जातं आणि लांब धागे लोंबतात. आजोबा तेव्हा पाना घेऊन फट कमी करायचे. तिथे मला कापाचा अर्धा सिद्धांत समोर दिसत होता आणि मी फक्त गंमत बघत होते. धार अर्धं काम करते, उरलेलं अर्धं काम आधार करतो. शेवटच्या तंतूला मागून आधार मिळाला तर तो तुटतो, नाही तर फाटतो.

चोवीस की साठ? थोडं गणित

आता ब्लेडकडे येऊ. मामांनी खिळ्यावरून एक ब्लेड काढलं. व्यास तोच, १८५ मिमी, पण दाते साठ. याला फाइन फिनिश ब्लेड म्हणतात. या मापात २४ दात्यांचं ब्लेड भराभर कापायला, ४० दात्यांचं सर्वसाधारण चांगल्या कामाला आणि ६० दात्यांचं प्लाय, व्हेनियर आणि नाजूक आडव्या कापांना वापरतात.

दाते वाढले की नेमकं काय होतं? घाबरू नका, एम-थ्री नाही, सातवीचं गणित आहे. समजा मशीन मिनिटाला ५००० फेरे मारतं आणि मी ते सेकंदाला ५० मिमी पुढे ढकलते.

चोवीस दाते असतील तर एका सेकंदात २००० दात लाकडाला लागतात. ५० मिमी भागिले २०००, म्हणजे प्रत्येक दाताच्या वाट्याला ०.०२५ मिमी. साठ दाते असतील तर सेकंदाला ५००० दात, आणि प्रत्येकाच्या वाट्याला ०.०१ मिमी. म्हणजे प्रत्येक घास निम्म्याहूनही लहान! लहान घास घेताना दात तंतूला कमी जोरानं ओढतो, म्हणून टवका लहान होतो किंवा होतच नाही.

दुसरी गोष्ट, दोन दातांमधलं अंतर. १८५ मिमी ब्लेडचा परीघ सुमारे ५८१ मिमी. चोवीस दाते असतील तर दोन दातांत २४ मिमी अंतर, साठ असतील तर साधारण १० मिमी. १९ मिमी प्लायमधून ब्लेड थोडं खाली काढलं तर लाकडाच्या आत ब्लेडच्या कडेचा सुमारे ३६ मिमी भाग असतो (हे मी कागदावर आकृती काढून मोजलं, वायवाला विचारलं तरी चालेल). म्हणजे चोवीसच्या ब्लेडचा कधी एक दात लाकडात असतो, कधी दोन. मशीन दणके देत चालतं. साठच्या ब्लेडचे तीन-चार दात सतत लाकडात असतात, त्यामुळे एक सुटला तरी बाकीचे फळीला धरून असतात.

हेच गणित आणखी एक गोष्ट सांगतं. आम्ही मशीनला लांबच लांब आणि बारीक वायरची एक्स्टेन्शन लावली होती. अशा वायरमध्ये व्होल्टेज पडतं आणि लोडवर मोटरचे फेरे कमी होतात. ५००० चे ३५०० झाले आणि ढकलायचा वेग तोच राहिला, तर चोवीसच्या ब्लेडचा घास ०.०२५ चा जवळजवळ ०.०३६ मिमी होतो. चांगल्या ब्लेडची मेहनत वायरमध्येच वाया! म्हणून वायर जाड आणि गरजेपुरतीच लांब घ्यावी.

दाताचा आकार, आणि 'विडिया'

पण नुसते दाते मोजून भागत नाही. मामांनी ब्लेड उजेडात तिरपं धरलं आणि म्हणाले, "आता दाताचं डोकं बघा."

दाताचं डोकं सपाट असेल तर तो पटाशीसारखा खरवडतो. उभ्या कापाला हे ठीक, आडव्याला नाही. फाइन फिनिश ब्लेडमध्ये डोकी आलटून-पालटून तिरकी घासलेली असतात, एक दात डावीकडे उंच, पुढचा उजवीकडे उंच. ही उंच टोकं सुरीसारखी चालतात. मधला भाग निघायच्या आधी ती कापाच्या दोन्ही कडांचे तंतू तोडून ठेवतात. म्हणजे आधी रेघ मारायची आणि मग उकरायचं. तिसरा प्रकार सनमायका लावलेल्या बोर्डासाठी आणि एमडीएफसाठी. त्यात एका दाताचे कोपरे छाटलेले असतात, तो मधून वाट काढतो आणि मागचा सपाट दात कडा साफ करतो. सनमायका काचेसारखा ठिसूळ, त्यावर तिरक्या दाताचं नाजूक टोक लवकर बोथट होतं.

दाताचा पुढे झुकलेला कोनही महत्त्वाचा. जास्त झुकलेला दात लाकूड अधाशासारखा ओढून घेतो. उभ्या कापाच्या ब्लेडमध्ये हा कोन वीस अंशांच्या आसपास असतो. साफ आडव्या कापासाठी तो कमी ठेवतात.

मामा या ब्लेडला 'विडियाचं ब्लेड' म्हणतात. मी ते 'व्हिडिओ' असं ऐकलं आणि पाच मिनिटं गोंधळात होते! नंतर लायब्ररीत शोधलं तर मस्त गोष्ट निघाली. जर्मनीत दिव्यांच्या बल्बसाठी टंगस्टनची अतिशय बारीक तार ओढावी लागायची आणि त्यासाठी महागडे हिऱ्याचे साचे लागायचे. त्याला पर्याय शोधताना ओसराम कंपनीतल्या कार्ल श्रोटर यांनी टंगस्टन कार्बाइडची पूड कोबाल्टमध्ये बांधून एक अतिकठीण पदार्थ बनवला आणि १९२३ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढे क्रुप कंपनीनं तो 'विडिया' या नावानं बाजारात आणला. 'वी डियामांट', म्हणजे जर्मन भाषेत 'हिऱ्यासारखा'. बल्बच्या कारखान्यातला हा शब्द शंभर वर्षांत जिंतूर रोडवरच्या शेडपर्यंत पोचला आणि आम्ही इंजिनिअर त्याला 'कार्बाइड' म्हणत बसलोय!

ब्लेडची तबकडी साध्या पोलादाची असते, फक्त प्रत्येक दाताच्या टोकाला या विडियाचा लहानसा तुकडा डाख देऊन बसवलेला असतो. तुकडा तबकडीपेक्षा थोडा रुंद असतो, म्हणून तबकडी लाकडाला घासत नाही. जुन्या करवतीत हेच साधायला दात एकाआड एक डावी-उजवीकडे वाकवत. त्या करवतीला मामांचे वडील तिकोनी कानशीनं धार लावायचे. विडियाला कानस चालत नाही, त्याला हिऱ्याचं चाक लागतं. म्हणून तो दात दगडावर किंवा खिळ्यावर आपटू देऊ नका. विडिया कठीण आहे, पण ठिसूळही आहे.

मग सगळीकडे साठच का नको?

मीही हेच विचारलं. मामांनी सागाचा एक जाड तुकडा घेतला आणि साठच्या ब्लेडनं उभा कापून दाखवला. मशीन कण्हायला लागलं, धूर आला आणि काठ तपकिरी पडला. भाजलेल्या लाकडाचा वास मला आवडला, पण मामांना नाही!

कारण असं की, दाते जास्त म्हणजे मधल्या खाचा लहान. जाड लाकडाच्या उभ्या कापात भुसा खूप निघतो. तो त्या लहान खाचांत मावत नाही, आतच दाबला जातो आणि तापतो. शिवाय घास फारच लहान झाला की दात कापायचं सोडून नुसता घासत राहतो. घासलं की उष्णता, आणि उष्णतेनं लाकूडही जळतं आणि धारही जाते. तिसरी पट्टी मी 'आणखी हळू' कापली होती ना, ती अक्कलही अर्धवटच होती. मशीन दमेल इतकं ढकलायचं नाही आणि ते रेंगाळेल इतकं थांबायचंही नाही.

थोडक्यात, जाड लाकूड उभं चिरायचं असेल तर कमी दाते. प्लाय, व्हेनियर किंवा आडवा साफ काप हवा असेल तर जास्त दाते. दोन्ही कामं एकाच ब्लेडनं उत्तम होत नाहीत. दोन ब्लेड ठेवायची आणि बदलायचा कंटाळा करायचा नाही.

चौथी पट्टी

मग मामांनी चौथी पट्टी माझ्याकडून कापून घेतली. टेबलावर टाकाऊ प्लाय आणि त्यावर आमची पट्टी, सागाची बाजू खाली, म्हणजे त्या पापुद्र्याला खालून पक्का आधार. साठचं ब्लेड लावलं आणि ब्लेडचे दात पट्टीच्या खाली जेमतेम एक दातभर उतरतील एवढी खोली ठेवली. साध्या बाजूच्या रेघेवर मास्किंग टेप लावली आणि धारदार सुरीनं पट्टी धरून रेघ चिरून घेतली. सुरीनं तंतू आधीच तोडले, की दाताला ओढायला काही उरत नाही. सरळ जाण्यासाठी एक पट्टी क्लॅम्प केली. मशीन आधी पूर्ण वेगात येऊ दिलं, मगच लाकडाला लावलं.

काप झाला. फळी उलटली. काठ असा होता की दोन तुकडे परत जोडले तर फक्त बारीक रेघ दिसावी! मी तो काठ कितीदा गालावर फिरवून बघितला ते सांगत नाही.

मोठ्या फॅक्टरीतल्या पॅनेल सॉमध्ये हेच सुरीचं काम यंत्र करतं. मुख्य ब्लेडच्या पुढे एक छोटं ब्लेड असतं, ते उलट्या दिशेनं फिरतं आणि बोर्डाच्या खालच्या बाजूला एक-दोन मिलीमीटर खोल खाच पाडून ठेवतं. रेडिमेड फर्निचरचे काठ इतके साफ असतात त्यामागे ही युक्ती आहे. मामा म्हणाले, "आमचा सांधा त्यांच्यापेक्षा पक्का आसतो ताई. पण गिऱ्हाईक सांधा बघत नाही, कड बघतंय." टवका म्हणजे फक्त सौंदर्याचा प्रश्न असतो असं मला तोपर्यंत वाटायचं. मामांच्या बाबतीत तो पोटाचा प्रश्न आहे. चांगलं ब्लेड साध्याच्या दुप्पट-तिप्पट किमतीला मिळतं, पण एका शीटचे काठ वाचले तरी ते पैसे वसूल होतात.

उरलेल्या सहा फळ्यांचे कुरतडलेले काठ आम्ही एक-एक इंच छाटले आणि चौथ्या पट्टीच्या दोन चांगल्या फळ्याही त्यांच्या मापाला आणल्या. हाच तो हरवलेला इंच!

मामांचं बोट

आता एक गोष्ट जी लिहायचीच होती. मामांच्या डाव्या हाताच्या तर्जनीला पुढचं पेर नाही. बरीच वर्षं झाली त्याला. दिवाळीच्या आधीची घाई, हातात चार इंची मार्बल कटर, त्याला लाकडाचं ब्लेड लावलेलं, आणि गार्ड मध्ये मध्ये येतो म्हणून काढून ठेवलेलं. "दुखलं नाही ताई. आधी भुसा लाल झाला, मग कळालं."

या मार्बल कटरचं गणितही मी करून बघितलं. आमच्या १८५ मिमी ब्लेडचा दात ५००० फेऱ्यांना सेकंदाला सुमारे ४८ मीटर धावतो, म्हणजे ताशी १७४ किलोमीटर. ११० मिमीचं मार्बल कटर मिनिटाला १३,००० पर्यंत फेरे मारतं. त्याचा दात सेकंदाला ७५ मीटर, म्हणजे ताशी २७० किलोमीटर! ते यंत्र दगड आणि फरशीसाठी बनवलेलं आहे. म्हणून काही गोष्टी हात जोडून सांगते:

ब्लेडवर कमाल फेरे छापलेले असतात. मशीनचे फेरे त्यापेक्षा जास्त असतील तर ते ब्लेड लावायचं नाही. फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात ब्लेडवरचा ताण वाढतो. ७००० फेऱ्यांचं ब्लेड ११,००० वर फिरवलं तर ताण जवळजवळ अडीच पट! ग्राइंडरला लाकडाचं दातेरी ब्लेड तर कधीच नाही.

गार्ड काढायचा नाही, दोरीनं वर बांधायचाही नाही. ब्लेड बदलताना स्विच बंद पुरत नाही, प्लगच काढायचा. सैल बाही, ओढणी, मोकळे केस आणि हातमोजे फिरत्या ब्लेडपासून दूर. फळीचा कापून पडणारा भाग मोकळा पडू द्यायचा. दोन्ही टोकांना टेकू देऊन मध्ये कापलं तर काप मिटतो, ब्लेड चावलं जातं आणि मशीन झटक्यात अंगावर येतं. आणि मास्क. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. भुसा दिसतो तेवढा साधा नाही.

यात एक गोष्ट मला विशेष वाटली. साफ कापाचे आणि सुरक्षित कापाचे नियम बरेचसे एकच आहेत. धारदार ब्लेड, पक्का आधार, बेताची खोली आणि घाई नाही. बोथट ब्लेडला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेला हातच घसरतो.

शेवटी...

परत येताना मामांनी मजुरी घेतली नाही. "रॅक झालं की फोटो दाखवा" म्हणाले. आम्ही दाखवला. त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन फक्त काठ बघितले.

छाटलेल्या तुकड्यांपैकी एक कुरतडलेली इंचभर पट्टी मी टाकली नाही. ती माझ्या टेबलावर आहे, पेपरवेट म्हणून. सबमिशनच्या रात्री काही सुचेनासं झालं की मी तिच्यावरून अंगठा फिरवते. वरची बाजू बोटाला टोचते, खालची टोचत नाही. त्या दिवशी मी फळी एकदा उलटून बघितली असती, तर पहिल्याच कापानंतर सगळं कळलं असतं.

वर्कशॉपच्या सरांना एक विनंती. फर्स्ट इयरला टी-जॉइंट आणि डोव्हटेल शिकवता तसा एक तास या ब्लेडसाठीही ठेवा. दोन ब्लेड, एक प्लायचा तुकडा आणि शक्य झालं तर जिंतूर रोडचे मामा. ऑटोचं भाडं आम्ही वर्गणी काढून देऊ.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी